दारातली गाडी
मेकॅनिकने धूर गाळणाऱ्या कन्व्हर्टरच्या अलीकडचा पाइप सैल केला, तसं दमलेल्या पिकअपचं इंजिन मोकळं बोललं.

"कन्व्हर्टर काजळीने गच्च भरलाय, वहिनी. गाडी उभ्या उभ्याच चालू ठेवता की काय?"

"रोज संध्याकाळी. दारातच."

"अहो, वाट लावलीत की! दादांना म्हणावं, जरा लांब पळवत जा. नवा टाकतो, उद्या न्या."

"आजच द्या. आणि आवाज बदलणार नाही ना?"

"आवाजाचं काय एवढं?"

"सासरे हल्ली माणसं ओळखत नाहीत, पण हा आवाज ओळखतात. मुलगा कामावरून आला म्हणतात, मग जेवतात. आधी मी खरं सांगायचे. पण हे गेल्याचं ऐकून ते रोज नव्याने रडायचे."