केतकीच्या हातावर

केतकीच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत सहा मनपट्ट्या होत्या. दहावीतल्या प्रत्येकाला पट्टी सक्तीची होती. मन खचलं की ती लाल होई आणि घरी फोन वाजे. केतकी वर्गातली सगळ्यात हसरी मुलगी, म्हणून परीक्षेच्या दिवसांत मैत्रिणी आपापल्या पट्ट्या तिच्या हातावर चढवत.

आज मात्र सकाळीच तिचे बाबा दोन बॅगा भरून कायमचे घर सोडून गेले होते.

“ए, तोंड पाडू नकोस हं,” रेवती कुजबुजली. “माझी आई कामधंदा सोडून धावत येईल.”

“माझी तर वर्गातच रडायला लागेल,” सायमा म्हणाली.

केतकी हसली आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. सहाही पट्ट्या लाल झाल्या.

थोड्याच वेळात सहा आया शाळेत पोचल्या. आपापल्या मुलीला पोटाशी धरून विचारू लागल्या, “काय झालं गं बाळा? बोल ना माझ्याशी.” मुली आधी गोंधळल्या, मग एकेक करून खरोखरच रडू लागल्या.

केतकी पायरीवर बसून बघत राहिली. मैत्रिणींच्या पट्ट्यांना जागा व्हावी म्हणून स्वतःची पट्टी ती घरीच ठेवून येत असे.