इंजिनावरचं नाव

"आता फिरव," एवारिस्तो म्हणाला आणि हात पुसत मागे सरकला.

इंजिन साखळीला टांगलेलं होतं. खाली छोटी पांढरी स्टारलेट गाडी पुढचं तोंड उघडं टाकून उभी होती. तिचं मूळचं इंजिन कोपऱ्यात एका जुन्या टायरवर पडलं होतं. हे नवं, रोटरी, त्या इवल्याशा गाडीत मावावं म्हणून नेरेईदाने आठवडाभर पत्रा कापला होता, इंजिन टेकायला नव्या बैठका जोडल्या होत्या. पण इंजिन बांधलं होतं ते तिच्या बापाने, एवारिस्तोने, एकट्याने. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा या शेडचा नियम होता.

गाडीचा मालक विल्बेर्तो इंजिन हलू नये म्हणून त्याला दोन्ही हातांनी कवटाळून उभा होता. बायकोलासुद्धा आपण इतका वेळ कधी मिठी मारली नाही, असं तो म्हणाला. नेरेईदा हसली. एवारिस्तोला ते ऐकूच गेलं नाही.

तिने लांब पाना लावला आणि प्लगच्या भोकापाशी कान नेला.

या इंजिनात पिस्टन नसतात. तिकोनी रोटर फिरतात, एकामागे एक असे दोन. प्रत्येकाच्या तीन कोपऱ्यांत तीन सील, आणि सीलमागे करंगळीएवढी, पातळ, वाकडी स्प्रिंग. सगळं जागच्या जागी असेल तर रोटरच्या एका फेरीत भोकातून तीन श्वास ऐकू येतात. नेरेईदा सात वर्षांची असताना बापाने तिला याच शेडमध्ये, याच जागी उभं करून शिकवलं होतं. तिन्ही सारखे, तर इंजिन जिवंत. एक पूर्ण आणि दोन अर्धे, तर एक सील बसलेलं नाही. एकाने दोन कसे बिघडतील, असं तिने विचारलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, सील म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत. भिंत पडली तर एकच खोली उघडी पडेल का?

पुढच्या रोटरचे तिन्ही श्वास सारखे आले. मागच्याचा एक पूर्ण आला. मग दोन अर्धे.

तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा तसेच.

फडकं घ्यायला ती बाकाकडे वळली. तिथे बिस्किटांच्या डब्याचं झाकण होतं. एवारिस्तो त्यात व्हॅसलिन घेऊन एकेक स्प्रिंग बुडवायचा आणि खाचेत चिकटवायचा. झाकणाच्या काठाशी व्हॅसलिनचा जाड थर होता, आणि त्या थरातून एका स्प्रिंगचं टोक वर आलेलं होतं.

वसंतात दोन जुनी गिऱ्हाइकं आपली इंजिनं उचलून दुसरीकडे गेली होती. त्या रात्री जेवताना एवारिस्तो शांतपणे म्हणाला होता, "ज्या दिवशी माझ्या हातून काही आत घालायचं राहील, त्या दिवशी मी शेडला कुलूप लावीन." तो उगाच बोलणारा माणूस नव्हता. नेरेईदाची आई गेल्यापासून तो रोज पहाटे सहाला शेडमध्ये येऊन बसायचा. त्याला जायला दुसरी जागा नव्हती.

नेरेईदाने स्प्रिंग उचलली आणि मूठ मिटली.

"किती?" त्याने विचारलं. हल्ली तो फार मोठ्याने बोलायचा.

तिने दुसऱ्या हाताची तीन बोटं वर केली.

"सारखे?"

तिने होकारार्थी मान हलवली.

एवारिस्तो जवळ आला. त्याने वरचा ओठ जिभेने ओला केला, श्वास ओठावर जाणवावेत म्हणून वाकून तो ओठ मागच्या भोकापाशी नेला आणि तिला खूण केली. तिने एका हाताने पाना फिरवला. एक फेरी झाली. त्याने अजून एक मागितली. मग तो कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाला.

"काय मास्तर, खूश?" विल्बेर्तोने ओरडून विचारलं. "रविवारी शर्यत आहे माझी."

"नेरेईदा म्हणते, तीन सारखे," एवारिस्तो म्हणाला.

त्याने फळीवरून पिवळ्या रंगाचा डबा काढला. चाळीस वर्षं या शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इंजिनावर तो पिवळ्या रंगाने आपलं नाव घालत आला होता. पोर्तो रिकोत कुठेही कुणी रोटरीवाल्या गाडीचं बॉनेट उघडलं की लोक आधी ते नाव आहे का पाहायचे. विल्बेर्तोने इंजिन सोडलं आणि फोटोसाठी खिशातून फोन काढला.

एवारिस्तोने रंग बराच वेळ ढवळला. मग ब्रश नेरेईदाच्या हातात दिला.

"तू घाल."

"तुमचं नाव मी कसं घालू, बाबा?"

त्याने तिच्या ओठांकडे पाहून ते वाचलं.

"माझं नको. ऐकलंस तू. तुझं घाल."

त्याने खुंटीवरची टोपी घेतली, बाहेर गेला आणि नीरफणसाच्या झाडाखाली शेडकडे पाठ करून बसला.

"घाल की," विल्बेर्तो फोन डोळ्यांसमोर धरून म्हणाला. "तुझ्या नावाची पहिली गाडी माझी. लोकांना सांगत फिरेन."

इंजिन साखळीवर हलकं झुलत होतं. ब्रशच्या टोकाशी रंग जमला आणि जमिनीवर गळला. नाव घालायचं तर इंजिन धरायला दुसरा हात हवा होता, आणि त्या हाताची मूठ तिला उघडता येत नव्हती.