डागी आंबे

सुगंधाने काळा चष्मा चढवला आणि हापूसचा क्रेट सरकत्या पट्ट्यावर रिकामा केला. मशीनच्या पोटातल्या जांभळ्या उजेडाखालून एकेक आंबा पलीकडे गेला. आता बुरशीची काय बिशाद होती त्यांना शिवायची!

पूर्वी याच शेडमध्ये बायका घोळक्याने बसून डागी आंबे वेगळे काढायच्या. मालक ते त्यांनाच देऊन टाकायचा. मग कुणाच्या तरी अंगणात रस काढायचा, ताटांत ओतून उन्हात साटं घालायची आणि कावळे हाकत दिवसभर गप्पा हाणायच्या. हा दिवा आला, डागी आंबे सरले आणि बायकाही पांगल्या. बटण दाबायला तेवढी सुगंधा उरली.

म्हणूनच गेल्या आठवड्यात तिने एक क्रेट दिव्याखालून न नेताच पोत्याआड दडवला होता. मालकाला कळलं असतं तर हे कामही गेलं असतं. आज पोतं उचललं, तर आंब्यांवर काळे ठिपके उमटलेले. तिला हायसं वाटलं. पूर्वी शेजारी बसणाऱ्या शेवंतीला तिने फोन लावला.

"डागी निघालेत गो. साटं घालायला येतेस?"

"आता कुठले डागी? मशीन बिघडलं की काय?"

पाठीमागे मशीन घरघरत होतं. सुगंधाने फोनभोवती हाताचा आडोसा केला.

"होय गो, बिघडलंय. सगळ्यांना घेऊन ये." तिने पायाशी ठेवलेल्या त्या एकुलत्या क्रेटकडे पाहिलं. "ढीग पडलाय नुसता. माझ्या एकटीच्यानं उरकायचा नाही."