जुन्या भाषेतली प्रार्थना

"फादर परगावी गेलेत, उद्याशिवाय येत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचा तोवर भरवसा नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं, भाऊजी."

धाकट्याने बूट दारातच काढले. चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यातून तो तसाच उठून आला होता. नखांत अजून पांढरी भुकटी होती.

"मी आता फादर कुठे राहिलो, वहिनी?"

"चर्च सोडून गेलेला फादरसुद्धा मरणाऱ्याला क्षमा देऊ शकतो. तुम्हीच सांगितलं होतंत की एकदा."

ते खरं होतं. झगा उतरला तरी दीक्षा उतरत नाही. लग्नासाठी त्याने तो उतरवला आणि त्यानंतर चर्चची पायरी चढला नाही.

दादाचंही तेच. दादा मात्र चर्चच्या दारांना कोणता रंग द्यायचा यावरून भांडून उठला होता. चर्चच्या समितीतला एवढा मोठा माणूस, पण रुसला तो रुसलाच. आता त्याला परतायची घाई झाली होती. पापांची क्षमा न मिळता मरायचं नाही, एवढा एकच घोशा त्याने लावला होता.

वहिनी दार ओढून बाहेर गेल्या.

दादा बोलत गेला. खोटेपणा, बाटली, कुणाकुणाला दिलेले शिव्याशाप. मग थांबला.

"तुझ्या बायकोला दफनभूमीत जागा मिळू दिली नाही, ते मीच. बाकीचे तयार होते रे. मी आडवा पडलो. म्हटलं, फादर पळवणारी बाई आत नको."

धाकट्याला हे ठाऊक होतं. कुंपणाबाहेर, गटाराच्या कडेला तिला माती देताना त्याच्या कानावर आलंच होतं. त्या दिवसापासून त्याने मनातल्या मनात कितीदा तरी दादाचा गळा दाबला होता. आता तो गळा हाताशी होता, आणि मुठीत मावेल एवढा बारीक झाला होता. राग मात्र तसूभरही बारीक झाला नव्हता.

"माफ करशील?" दादाने विचारलं.

"माफ देव करतो, दादा. मी नुसते शब्द म्हणणार."

"मग म्हण. आपल्या लहानपणी म्हणायचे तसे, लॅटिनमध्ये. मला ओ की ठो कळत नाही, पण बरं वाटतं."

 धाकट्याने खिशातून क्षमा देताना घालायचा, येताना घरून उचललेला जांभळा पट्टा काढला, त्याचं चुंबन घेतलं आणि गळ्यात घातला. दादाच्या कपाळावर हात ठेवून त्याने लॅटिन शब्द म्हटले. इतक्या वर्षांनी म्हणत होता, तरी कुठे अडखळला नाही. शेवटी हवेत क्रूसाची खूण केली.

"सुटलो रे," दादा म्हणाला.

संध्याकाळी दादा गेला.

रडून झाल्यावर वहिनींनी डोळे पुसले. "चेहरा बघा त्यांचा. झोपलेलं लेकरू जसं. तुमचे उपकार कसे फेडू, भाऊजी?"

शेजारणीने जेवण पाठवलं होतं. वहिनींनी त्याला बळेच टेबलाशी बसवलं आणि ताट पुढे सरकवलं.

"आल्यापासून पाण्याचा घोट घेतला नाहीत. दोन घास खा. थांबा, आधी जेवणाची प्रार्थना म्हणा. मघाशी दाराबाहेर ऐकू आली त्याच जुन्या भाषेत."

"ती मघाशीच म्हटली, वहिनी," तो म्हणाला. "दादाच्या उशाशी."