उतरलेला ताप

डॉक्टर इनामदार चार दिवस मृण्मयीला ताप येण्याची वाट पाहत होत्या. चरबी वितळवणारं इंजेक्शन घेतल्यावर तिच्या अंगात एकाच तापापुरतं इंधन उरलं होतं, आणि न्यूमोनिया हटला तर त्या तापानेच हटणार होता.

संध्याकाळी त्या वॉर्डात आल्या, तेव्हा सकाळीच चिपळूणहून आलेली मृण्मयीची आई उशाशी बसली होती.

"काकू, ताप आला का हो?"

"दुपारी आला होता. नुसती फणफणली होती पोर!" आईने मिठाच्या पाण्याचं भांडं दाखवलं. "दोन तास कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तेव्हा कुठे उतरला."

डॉक्टरांनी मृण्मयीच्या कपाळावर हात ठेवला.

"पुरता उतरलाय ना?" आईने विचारलं.

डॉक्टरांना तो हात उचलवेना.