ताईचा प्लॅन

"बोलणंच नाही, तर बोलण्याचे पैसे कशाला भरता, मावशी?" धाकटीचा फोन हातात फिरवत मोबाईलवाला म्हणाला. "महिन्याभरात चार फोन, त्यातले दोन राँग नंबर. छोटा प्लॅन घ्या. थोडी मिनिटं मिळतील, नंबर जिवंत राहील."

"विचार करून सांगते," धाकटी म्हणाली आणि फोन पिशवीत टाकून घराकडे निघाली.

साठी उलटली तरी घरात ती धाकटीच होती. शिलाई मशीन तिचं, दोन खोल्या ताईच्या. ताईचा नवरा लवकर गेला. ताई दवाखान्यात नर्स, तीही बहुतेक रात्रपाळीची. धाकटीने लग्नाचं मनावर घेतलं नाही आणि ताईचा गट्टू तिच्याच मांडीवर वाढला. मशीनच्या खडखडाटाशिवाय त्याला झोप लागायची नाही. बोलायला लागला तेव्हा आईच्या आधी मावशी म्हणाला. आता तो लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता.

दार उघडलं तर ताई खिडकीशी खुर्चीत, फोन कानाला.

"जेवलास का रे? बाहेरचं खाऊ नकोस फार... हो का? मग साहेब काय म्हणाले?"

धाकटीने पिशवी आपटली आणि मशीनवर बसली. ताईचा फोन सुरू झाला की ती मशीन जोरात चालवायची, आणि मग मध्येच थांबवून ऐकायची. आज एका पँटची शिवण दोनदा उसवावी लागली.

रोज संध्याकाळी हेच. ताई हसायची, रागवायची, "हो बाबा, घेते गोळ्या" म्हणायची. धाकटी हात पुसून जवळ जाईपर्यंत फोन ठेवलेला असायचा.

"तुझी आठवण काढत होता," ताई आजही म्हणाली. "मावशीच्या हातचं जेवण मिळत नाही म्हणाला."

"आठवण येते, तर फोन करता येत नाही होय?"

"कामात असतो गं. मलासुद्धा कुठे करतो, मीच वेळ बघून लावते."

धाकटीने उसवलेली पँट पुन्हा मशीनखाली सरकवली. तिनेही दोनदा लावून पाहिला होता. दोन्ही वेळा "मीटिंगमध्ये आहे मावशी, नंतर करतो" एवढंच. ते नंतर काही उजाडलं नाही. तिसऱ्यांदा लावायला तिचं मन झालं नाही. आपण होऊन कुणाच्या किती पाया पडायचं?

अंगाई आपण गायची आणि गप्पा हिने मारायच्या. हे तिच्या मनात आलं.

चहा घेताना तिने विषय काढला. "ताई, स्वस्तातला प्लॅन आलाय. दोघींचाही तोच करू या."

"तुझा कर. माझं राहू दे."

"या कंपनीवाल्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. तुझी पेन्शन यांनाच घाल म्हणजे झालं. इतकं काय बोलायचं असतं रोज?"

ताईने कप खाली ठेवला. "माझ्या फोनचं मी बघते ना? तू नको मध्ये पडूस."

ताईचा आवाज सहसा चढत नसे. धाकटी कप घेऊन उठली. मोरीत भांडी घासताना तिला वाटलं, बाईला भीती वाटतेय. मिनिटं मोजून मिळाली तर लाडक्या लेकाशी बोलणं आखडतं घ्यावं लागेल. लागू दे की. आठवड्यातच मिनिटं संपली म्हणजे फोन नुसता हातात धरून बसणं काय असतं, ते कळू दे जरा हिलाही.

आपलं मन असं चालतंय याची तिला लाज वाटली. पण कढईचा तळ घासून झाला तरी विचार काही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ताई अंघोळीला गेल्याचं पाहून, ती पुन्हा दुकानात गेली.

"छोटा प्लॅन टाका," ती म्हणाली. "माझ्या नंबरला. आणि ताईच्याही. तिनेच सांगितलंय."

खोटं बोलताना ती काउंटरवरच्या कव्हरांकडे बघत राहिली. ताईचा नंबर तिला पाठ होता. कार्डं दोघींनी एकदमच घेतली होती, फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. धाकटीचा रिचार्ज लगेच झाला. ताईचा नंबर घातल्यावर मात्र मोबाईलवाला थांबला. पुन्हा घातला.

"मावशी, नंबर नीट सांगा."

तिने एकेक आकडा सुटा करून सांगितला.

"नर्स होत्या त्याच ना तुमच्या ताई? उंच, चष्मेवाल्या?" त्याने मान हलवली. "हा रिचार्ज नाही व्हायचा. नंबर बंद होऊन वर्ष झालं. मी तेव्हाच म्हणालो होतो, नवीन कार्ड घ्या, लगेच चालू करून देतो."

"मग?"

"नको म्हणाल्या. ज्याच्यासाठी ठेवला होता तोच उचलत नाही म्हणाल्या. फक्त एवढंच विचारून गेल्या, बंद फोन कानाला धरला तर शेजारी बसलेल्या माणसाला कळतं का."