उचकटलेला कोयंडा

"दार उघडं होतं की फोडलेलं?" फोनवर मेहुण्याने विचारलं. मेहुणा वकील, बहिणीच्या नवऱ्याला धीर देण्याआधी तो मुद्द्यावर आला.

चष्मेवाला दुकानाच्या दारात उभा होता. आत फ्रेमचे सगळे कप्पे रिकामे, बाहेर कुलूप कोयंड्यात नुसतंच लटकलेलं. काल संध्याकाळी आपण ते दाबायला विसरलो, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. विसरभोळेपणात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"फरक काय पडतो?"

"दाजी, उघड्या दारातून नेलं तर साधी चोरी. फोडून नेलं तर घरफोडी. चोरीला महिने, घरफोडीला वर्षं. आणि तुमचा विमा फक्त घरफोडीचा आहे." मेहुण्याने आवाज खाली आणला. "दार नीट बघा, मग पोलिसांना बोलवा. मी काही विचारलं नाही."

चष्मेवाल्याने दार नीट बघितलं. विम्याशिवाय दुकान पुन्हा उभं राहणार नव्हतं. त्याने मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कोयंडा चौकटीतून उचकटला.

पुढे सगळं कसं सुरळीत झालं. फौजदारांनी कोयंडा पाहून दारातच पंचनामा उरकला आणि घरफोडी लिहिली. विम्याच्या माणसाने मान डोलावली. बायको म्हणाली, "निदान कुलूप तरी लावलं होतंत." लग्नानंतर इतकं कौतुक त्याच्या वाट्याला प्रथमच येत होतं.

आठवड्याने चोर सापडला. दार उघडंच होतं असं तो आता सांगणार, अशी चष्मेवाल्याला धास्ती वाटली.

"घरफोडी कबूल केलीय त्याने," चोराला दुकानात घेऊन आलेले फौजदार म्हणाले. "कशी केली ते फक्त जागेवर दाखवायचंय."

पोलिसांच्या धाकाने बिचाऱ्याने न केलेलंही कबूल केलं असणार. चष्मेवाल्याला त्याची मनापासून कीव आली, तरी जीव भांड्यात पडला. त्याने सगळ्यांसाठी चहा मागवला. फौजदारांना, विम्याच्या माणसाला, चोरालासुद्धा.

चोराने चहा संपवला आणि पुढच्या दाराकडे ढुंकूनही न बघता तो मागच्या खोलीत गेला. खिडकीचे दोन गज त्याने अलगद उपसून फौजदारांच्या हातात दिले.

"कापून परत बसवले होते, साहेब. इथूनच आलो, इथूनच गेलो."

विम्याचा माणूस लिहायचा थांबला.

"आणि कोयंडा?" फौजदारांनी विचारलं.

"कसला कोयंडा?" चोर म्हणाला.